काजळाचं शिंग

"पुरं नाव घ्या, मंग हाजर."

असं म्हने थे, आन कमरेवर हात ठेवून उभी राहे. मांगं आमी सगळ्या बाया, तोंडाले फडकं बांधेल, काखेत भाकरीचं गाठोडं. पुढं मुकादम. नांदुऱ्याच्या जिनिंगातली सकाळची हजेरी. भोंगा वाजून गेला, कापसाच्या गाड्या फाटकात लागल्या, आन हा मुकादम एका नावापाशी येऊन असा अडे, जसा बैल नाल्यापाशी अडते.

"किरनबाई," म्हने थो.

थे वरतं लिंबाच्या झाडाकडे पाहे. जसं झाडावर कोनी किरनबाई बसेल हाये.

"अवो किरनबाई."

"किरन कोन आली वं नवीन?" थे आमालेच इचारे. "कोन्या गावची?"

आमी फडक्यात हसो. मले तर भल्ली घाई राहे, कारन हजेरीत तिच्या मांगूनच माहं नाव. तिचं झाल्याबिगर माहं येत नव्हतं.

तुमी म्हनान, एवढं काय नाव होतं. ऐका मंग. केरेनहप्पूक. म्हना एकडाव. पाहा, जीभ कशी गोते खाते. मले अख्खा हंगाम लागला शिकाले, आन अजूनही मधातल्या दगडावरून उडी मारूनच पार होतो.

मुकादमाले थे नाव वाचता ये, लिहिता ये, पन तोंडातून निघत नव्हतं. एक दिवस त्याले राग आला. म्हने, "किरन म्हन्लं तर काय झीज होते तुही? बोलत नसशीन तर गैरहाजर लावतो."

"लावा."

लावलं त्यानं. थे आपली आमच्यासंग बसली कामाले. दिवसभर कवडी वेचली. कवडी म्हंजे पिवळा, किडका कापूस. थो बाजूले काढा लागते, नाहीतर सगळी रुई खराब होते. दिवस बुडाले हातात रोजी नाही, आन बाई हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी मुकादम नाव पाठ करून आला. घरी म्हनून पाह्यलं म्हने चहा पेताना, जेवताना, बैलाले पानी दावताना. त्याच्या बायकोनं इचारलं, हे कोन हाये भवानी, जिचं नाव तुमाले दिवसभर सुचते. हे गोठ आमाले मुकादमानंच सांगतली, कपाळाले हात लावून.

दिसाले कशी होती, सांगतो. मोठी. आंगानं मोठी, आवाजानं मोठी, पायाच्या भेगाही मोठ्या. रंग काळा, घासेल तव्यावानी. आन डोळ्यात काजळ, हे एवढं. जिनिंगात रुई उडते, तुमाले म्हाईत नसन. केसात बसते, भुवईत बसते, भाकरीत बसते. दिवस कलला का सगळ्या बाया पांढऱ्या होतात, सासू कोन आन सून कोन ओळखू येत नाही. त्या पांढऱ्यात तिचे दोन काळे डोळे तेवढे दिसत, आन थे हसून राह्यले असत.

मी म्हनो, "काय वं, रोज काजळ घालतं. कोन पाहून राह्यलं तुले अथी? सरकी?"

थे म्हने, "नावाले धरून राहा लागते बाई."

नवरा लवकर गेला होता तिचा. लेकरू नाही. रेल्वेच्या पलीकडे एका खोलीत राहे. खोलीत एक खाट, भिंतीवर क्रूस, आन एक कोंबडी, जिले थे रोज शिव्या दे आन रोज दाने टाके. किरिस्ताव होती. आमी माळ्याच्या, कुनब्याच्या बाया. पन भाकरी एकाच सावलीत खाओ, आन ठेचा तिचा चांगला राहे.

तिच्या नावाचा अर्थ आमाले त्या ठेच्यासंगच कळला.

"तिघी बहिनी आमी," म्हने. "बाप चर्चात घंटा वाजवे. लिहिता येत नव्हतं, पन ऐकेल सगळं ध्यानात राहे त्याच्या. तिसरीही पोरगीच झाली तवा लोक आले, म्हने अरेरे. बाप म्हने, अरेरे कायचं, माह्यापाशी तीन नावं कवाचेच तयार हायेत, दोन वापरून झाले, एक पडून होतं."

मंग तिनं ईयोबाची गोठ लावली. त्यायच्या शास्त्रातला मोठा कास्तकार. मेंढ्या, उंट, बैलाच्या जोड्या, गधड्या. भरेल घर. आन एका दिवसात सगळं गेलं. ढोरं गेले, घर पडलं, लेकरं गेले. आंगभर फोडं आले. राखीत बसे आन खापरीनं आंग खाजवे.

"मंग?" बायाइनं इचारलं.

"मंग देवासंग भांडला. मोप भांडला. देव वावटळीतून बोलला त्याच्यासंग."

बायाइनं माना डोलावल्या. देव बोलते वावटळीतून, त्यात काय.

"मंग सगळं वापस आलं. डबल आलं. सात पोरं झाले, तीन पोरी झाल्या. आता गम्मत पाहा. त्या सात पोराइतल्या एकाचंही नाव शास्त्रात लिहेल नाही. पोरीइचे तिन्ही लिहेल हायेत. यमीमा, म्हंजे पारवा. कसीया, थे दालचिनीवानी वासाची साल असते. आन तिसरी म्हंजे मी. काजळाचं शिंग. पयले तिकडे काजळ शिंगात भरून ठेवत. आन बापानं तिघीइले भावाइच्या बरोबरीनं वाटा देल्ला."

अथी मातर बायाइचे हात थांबले. एका म्हातारीनं घास गिळला आन म्हने, "मंग हे गोठ खोटी हाये."

उंट खरे, फोडं खरे, वावटळीतला देव खरा. बहिनीले वाटा, हे कोनाच्या पोटात उतरेना. तिले असं हसू आलं का ठेचा माह्या पदरावर उडला.

मी हसली, पन मनात एक गोठ राह्यली. माहा मालक, म्हंजे नवरा, असाच गेला होता, चालता बोलता, वावरात. त्याच्या आंदी एक पोरगं तापात गेलं. रडाले वखत नव्हता, वांगे तोडाले आले होते. तोडले, टोपलं भरलं, बाजारात बसली. तर मी तिले म्हन्लं, "वापस आले म्हन्तं, पन थे काय गेलेलेच लेकरं होते? गेलेले थोडेच येतात."

तिनं लै वखत भाकरी चावली.

"हाव," म्हने. "गेलेले गेले. पन पाह्य न धोंडाबाई, ज्याचं सगळं जाऊन बसलं थो मानूस पोरीइचे नावं काय ठेवते? पारवा, दालचिनी, काजळाची डबी. रडगानं एकही नाही. एवढं होऊन त्याले नटवाले सुचलं. मले थो मानूस भल्ला आवडते."

धोंडाबाई म्हंजे मी. हे सांगाचं राह्यलंच.

पुढच्या हंगामात, कापूस जोरात चालू होता तवा, माह्या घरी तिसरी नात झाली. आमचं घर वडनेर भोलजीले. पोरगा आटो चालवते, गरीब सभावाचा, कोनाले उलटून बोलत नाही, पाशिंजरलेही नाही. सून दवाखान्यातून आली आन भिंतीकडे तोंड करून निजली. माही पोरगी देऊळगाव राजाले देल्ली हाये. तिनं बालाजीले नवस बोलला होता, भाचा झाला तर अमुक करीन, तमुक करीन. तिले बारशाले बलावाले फोन लावला तर म्हने, "मले कायले बलावता? मी भाच्याचं बोलली होती. भाचीचं कोन बोललं असन त्याले बलावा."

आता आत्या नाही तर बारसं कसं करता? लेकराच्या कानात नाव आत्यानंच सांगा लागते. थे वाकून नाव सांगते, बाया कुर्र करतात आन तिच्या पाठीवर धपाधप थापा मारतात. आत्या नाही तर बारसं नाही, आन बारसं नाही तर नाव नाही. मंग नाव आपोआप पडते. गल्लीतल्या बाया म्हनाले लागल्या, नकुशी दूध पेली काय, नकुशी रडून राह्यली पाहा. मीही म्हनो. एखाद्या भांड्याले नाव पडते तसं पडलं थे.

जिनिंगात काजळवालीनं इचारलं, "नात झाली म्हन्तात. नाव काय?"

"नकुशी."

तिचा हात कापसात होता, तथीच राह्यला.

"हे काय नाव हाये वं? हे तर हाकलनं झालं."

"अवो, मीही धोंडीच होय. काय झालं मले? दगडावानी टिकली."

"तुह्या आंदी लेकरं गेले होते तुह्या मायचे?"

"गेले होते."

"म्हनून तुले धोंडी ठेवलं. मरनानं पाहू नये, दगड समजून पुढं जावं म्हनून. धोंडी म्हंजे राह्य. नकुशी म्हंजे जाय. एकच काय थे?"

 केस पिकले माहे या नावात. मले वाटे, काईच सुचलं नसन म्हनून दगड म्हन्लं असन मायबापानं. त्यायनं मले धरून ठेवाले ठेवलं होतं, हे मले कापसाच्या गंजीपाशी कळलं. मी नाक फडक्यात पुसलं. रुई गेली होती नाकात.

"बारसं कवा?" थे म्हने.

"आत्या येत नाही."

"मी होतो आत्या."

"तू किरिस्ताव."

"पाठ तर हाये न मले? थापा माराले पाठ लागते का जात लागते?"

"गल्लीतल्या बाया बोलतीन."

"मंग अथी करू, जिनिंगात, जेवनाच्या सुट्टीत. अथी सगळ्या पांढऱ्याच असतात. कोन कोनाची आत्या, कोनाले समजते?"

घरी आली, भाकरी थापता थापता माह्या डोक्यात एकच, काजळाचं शिंग. आमच्या घरी शिंग होतं. माह्या मालकाचा एक बैल होता, पवळ्या. एका पोळ्याले तोरन तुटलं आन थो असा उधळला का शाळेच्या भिंतीले जाऊन धडकला. शिंगाची खोळ निघून पडली, आतून पोकळ, पेल्यावानी. बैल वाचला. मालकानं थे खोळ धुतली आन आढ्याले टांगली. मांगून मालक गेला, बैल गेला, खोळ राह्यली. मी शिडी लावली, खोळ काढली, राखीनं घासली, तेल लावलं. बैलाच्या जागी बैल नाही, पन शिंग असं चमकाले लागलं जसा उद्या पोळा हाये.

सून भिंतीकडूनच म्हने, "सासूबाई, शिंग कायले?"

मी सांगतलं. ईयोब, उंट, फोडं, तीन पोरी, पोराइचे नावं नाहीत, सगळं सांगतलं. वाट्याचंही सांगतलं.

थे पलटली. मले म्हने, "वाटा देल्ला?"

"असं लिहेल हाये म्हन्ते."

सून उठली. केस बांधले. एरंडीच्या तेलाचा दिवा लावला, वरतं काशाची ताटली उपडी ठेवली. काजळी धरली तशी बोटानं काढून तुपात कालवली आन शिंगात टाकली. तळाशी उल्लीसा ठिपका दिसला.

तुमाले अंदाज नाही, बैलाच्या शिंगात किती काजळ बसते. डबीभर काजळाले एक दिवा पुरते. शिंगाले किती पुरतीन? सुनेनं अजून एक दिवा लावला. मंग शेजारची ताटली मांगाले गेली. शेजारीन पाहाले आली, काय चाललं म्हनून. ऐकलं, आन आपल्याच घरी दिवा लावून बसली. तिचं पाहून पलीकडची. ज्या बाया नकुशी नकुशी करत होत्या त्यायनंच गल्लीभर दिवे मांडले, दारात, पायरीवर, ताटल्या उपड्या घालून. लोक इचारत, कोनता सन हाये? बाया म्हनत, काई नाही, शिंग भरून राह्यलो. सगळ्याइचे बोटं काळे, नाकं काळे. एवढं करूनही शिंग भरेना. शेवटी मी तळाशी रुई कोंबली आन वरतं काजळ थापलं. जिनिंगवालीचं डोकं, दुसरं काय.

बारशाच्या दिवशी पोरगा आटोत सुनेले आन लेकराले घेऊन फाटकापाशी आला. लिंबाच्या फांदीले लुगडं बांधलं, झोळी झाली. दोघी जनी पोतंभर पांढरी रुई घेऊन आल्या आन झोळीत आथरली.

मुकादम धावत आला. "कापूस मालकाचा हाये."

"लेकरू उठलं का वापस देतो," थे म्हने. "वास राहीन उल्लीसा, थो रुईच्या गाठीत दबून जाईन."

"हा कारखाना हाये, काई..."

"मुकादमभाऊ, तुमचंच तर काम हाये. नाव घ्याचं हाये, आन थे नाव अथी तुमच्याशिवाय कोनाले धड येत नाही."

मुकादम उभा राह्यला. मान मोठी चीज असते. त्यानं टोपी सरळ केली.

थे झोळीपाशी वाकली. पोट्टीच्या कानापाशी तोंड नेलं, पदराची आड केली, आन तिच्या मोठ्या आवाजाचा उल्लीसा आवाज करून नाव सांगतलं. बायाइनं कुर्र केलं आन तिच्या पाठीवर तुटून पडल्या. काय सांगू तुमाले. जशी पिंजाऱ्यानं गादी झोडपली. प्रत्येक थापेले तिच्या पाठीतून रुईचा ढग उठे. रोजच्या हजेरीत थांबा लागल्याचं सगळं उट्टं बायाइनं काढलं. मीही दोन लावल्या, जोरात.

"अवो," थे खालून म्हने, "नाव ठेवून राह्यल्या का जीव घेऊन राह्यल्या?"

मंग मुकादम पुढं झाला. हजेरीले उभा राहते तसा उभा राह्यला, घसा साफ केला, आन झोळीकडे पाहून म्हने, "केरेनहप्पूक."

"हाजर," थे म्हने. कमरेवर हात. सवयच थे.

"तू नाही वं," मुकादम म्हने. "दुसरी."

बाया अशा हसल्या का एक तर जमिनीवरच बसली. मुकादमानं हात वर केला, सगळ्या गप झाल्या, आन त्यानं पुन्हा नाव घेतलं. तवा झोळीतून शिंक आली. रुई गेली असन नाकात, उल्लीशी शिंक, चिमनीवानी.

"हाजर," मुकादमच म्हने.

पाळन्यातलं नाव थे, आन बोलाचं नाव काजळ. असं ठरलं. सून झोळीचा दोर धरून उभी होती. एवढ्या दिवसाची भिंतीकडे तोंड करेल बाई, तिच्या दातावर ऊन पडून राह्यलं होतं, एवढी हसून राह्यली होती.

तवा मी पिशवीतून शिंग काढलं.

आमच्या नव्या आत्यानं पाह्यलं. "हे काय वं?"

"तुहं नाव."

थे शिंगाकडे पाहे, माह्याकडे पाहे. आन मंग जे हसली, लिंबावरचे कावळे उडाले. पोट धरून खालीच बसली. "अवो धोंडाबाई, तिकडचं शिंग उल्लीसं असन वं, बकरीच्या पिलाचं-बिलाचं, बायाइच्या मुठीत मावनारं. तू अख्खा बैल घेऊन आली."

"मले काय म्हाईत? शिंग म्हन्लं तर मले बैलच दिसते."

"आन एवढं काजळ? एवढ्यात तर ईयोबाच्या उंटाइचेही डोळे भरतीन."

हसता हसता तिनं शिंग हातात घेतलं. गोल फिरवून पाह्यलं. नाकाले लावलं. मंग पदरानं डोळे पुसले, तिचंच काजळ गालावर आलं.

"जल्मभर मी हे नाव सांगतच आली," म्हने. "कोनाले दाखवता नाही आलं कवा. आज पाह्यलं कसं असते थे."

बोट बुडवलं आन पोट्टीच्या डोळ्यात काजळ घातलं. गालाले तीट लावली. मंग सुनेले लावलं. मंग मले. माह्या डोळ्यात काजळ मालक गेल्यापासून नव्हतं. मी मान मांगं केली, तर तिनं दुसऱ्या हातानं धरली. मंग रांगच लागली बायाइची. शेवटी मुकादम उरला. थो पळाले लागला तर चौघीइनं धरला.

भोंगा झाला, आमी गंजीपाशी बसलो. दुपारून जिनिंगाचा मालक चक्कर मारते. आला. पाह्यलं त्यानं. सगळ्या बाया पांढऱ्या, डोळे काळे. मुकादम पांढरा, डोळे काळे. मालक लै वखत उभा राह्यला, काईतरी इचारीन असं वाटलं. मंग वजनकाट्याकडे निघून गेला.

आखाजीले माही पोरगी माहेरी आली. पोट्टीले मांडीवर घेतलं, पाह्यलं, पुन्हा पाह्यलं. आपल्या भावाचेच डोळे हायेत म्हने. मंग तिले राग आला. "माह्या हक्काच्या थापा कोन खाऊन गेली?"

मी म्हन्लं, "होती एक. पाठ मोठी होती तिची. तुह्याही वाटच्या मावल्या."

"नाव काय ठेवलं?"

सुनेनं सांगतलं. पोरगी दिवसभर म्हनून पाहत होती. जाताना बसमधी चढली तरी ओठ हालूनच राह्यले होते.

पावसाळ्यात थोरल्या केरेनहप्पूकची छाती धरली. जिनिंगाच्या बायाइची धरतेच कवातरी. मी दवाखान्यात पाहाले गेली. खाटेवर थे आता मोठी दिसत नव्हती. काजळ मातर होतं. सुई द्याले पोरगी आली, म्हने, किरनबाई, हात पुढं करा. तिनं खिडकीतून भाय पाह्यलं. पोरीनं कागद पाह्यला, तीन ठिकानी अडखळली, पन पुरं नाव घेतलं. तवा तिनं हात देल्ला.

"शिंग हाये न जागेवर?" मले म्हने.

"हाये. खुटीले."

"काजळ सरलं काय?"

"अवो, पोट्टीच्या लग्नाले पुरीन थे."

हसली, पन हसनं छातीत अडकलं. मी पाठ चोळून देल्ली. हाडं लागत होते हाताले. ज्या पाठीवर आमी थापा मारल्या होत्या, थेच पाठ.

दिवाळीच्या आंदी गेली. माती द्याले आमी सगळ्या गेलो. कोंबडी माह्या घरी आनली. तिले रोज शिव्या द्या लागतात, नाहीतर दाने खात नाही.

यंदा दिवाळी झाली, जिनिंग चालू झालं. सूनही कामाले लागली, म्हनून पोट्टी संग आनली होती, माह्या काखेत. डोळ्यात काजळ, आंगात सदरा. सकाळची हजेरी. बाया उभ्या, तोंडाले फडकं बांधेल. मुकादम एकेक नाव घेऊन राह्यला.

वही मांगच्या सालचीच होती, थो गेलेलीच्या नावापाशी आला. तिचं ऐकून होता थो, मातीलेही आला होता. कोनाले वाटलं पुढं जाईन. पन त्यानं नाव घेतलं. पुरं. केरेनहप्पूक. एका दमात, कुठी अडखळला नाही.

आन थांबला. रोज थांबे तसाच.

 आत यंत्र चालू झालं होतं, दारातून पयली रुई उडत आली, लिंबाखाली, आमच्या आंगावर. माह्या काखेतली पोट्टी शिंकली.

मुकादमानं चष्मा वर सारला. पोट्टीकडे पाह्यलं.

"हाजर," म्हने.

आन पुढचं नाव घेतलं. पुढचं नाव माहं होतं.